भूपातला धैवत नेमका कुठे ठेवू? (सीसाउंड, स्वरस्थानं आणि माझी झटापट)

खर्जवाला (धागाकर्ता):

मंडळी, शंका तशी एका ओळीची आहे. पण तिथवर कसा पोचलो ते सांगितल्याशिवाय ती कळायची नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

पोटासाठी मी बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करतो. गाणं लहानपणी चार वर्षं शिकलो, मग सुटलं. गेल्या दिवाळीपासून पुन्हा गळा साफ करायला बसतोय. रियाजाला सोबत करणारं काहीतरी घरच्या घरी बनवावं असं डोक्यात आलं. खाली तंबोरा, वर एक सूर संथपणे पलटे वाजवतोय, त्याच्यामागून मी म्हणायचं. सीसाउंड (आवाज रचायची प्रोग्रामिंग भाषा) घेतलं कारण ते फुकट आहे, मुरलेलं आहे (१९८६, एमआयटी, बॅरी व्हर्को) आणि त्यात आवाज अगदी जोत्यापासून रचता येतो.

तंबोरा जमला. जवारीही बऱ्यापैकी उतरली. पण वर गंधार लावला की दोघांचं भांडण सुरू. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. संगणकाला पट्टीचा क्रमांक दिला की तो मुकाट्याने सप्तकाचे बारा सारखे भाग करून कंपनसंख्या काढतो. माझा सा काळी एक, म्हणजे १३८.५९ हर्ट्झ. सारख्या भागांचा गंधार येतो १७४.६१वर. आता तंबोऱ्यातला सा स्वतःचा गंधार घेऊनच येतो. त्याचा पाचवा हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या पाचपट) ६९२.९५ला वाजतोय, आणि माझ्या गंधाराचा चौथा हार्मोनिक ६९८.४४ला. फरक साडेपाच हर्ट्झचा, म्हणून सेकंदाला साडेपाच वेळा आवाज फुगतो आणि बसतो. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणायचे. गंधार साच्या ५/४ पटीवर, म्हणजे १७३.२४वर आणला की ही थरथर थांबते आणि सूर तंबोऱ्यात विरघळतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं सूर वाजायचाच बंद झाला!

तर तक्ता बनवला. सीसाउंडमध्ये जेन ५१ नावाची सोय आहे. सप्तकात किती स्वर, सप्तक किती पटीचं, सा किती हर्ट्झचा, तो कुठल्या पट्टीवर, आणि मग स्वरांची गुणोत्तरं, एवढं सांगितलं की ती सगळ्या पट्ट्यांच्या कंपनसंख्या भरून देते. माझी ओळ अशी (प्रोग्रामात अर्थातच रोमन लिपीत):

एफ १ ० १२८ -५१ १२ २ १३८.५९ ४९ १ १.०६६६७ १.१२५ १.२ १.२५ १.३३३३३ १.४०६२५ १.५ १.६ १.६६६६७ १.८ १.८७५

त्या ५१च्या आधीची उणे खूण पाहिलीत? ती मी आधी दिली नव्हती. दोन रात्री गेल्या. प्रोग्राम चालतोय, चूक काही दाखवत नाहीये, आणि आवाज शून्य. हेडफोन बदलले, ध्वनीचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. शेवटी तक्त्यातले आकडे छापून बघितले. उणे खूण नसेल तर सीसाउंड अख्खा तक्ता असा आवळतं की सगळ्यांत मोठा आकडा १ व्हावा. सगळ्यांत वरची पट्टी १२,४७३ हर्ट्झची होती, ती झाली १ हर्ट्झ. माझा सा त्याच्या नव्वदाव्या भागाचा. म्हणजे सा वाजत होता हो, पण त्याचं एक कंपन पुरं व्हायला दीड मिनिट लागत होतं. इतका विलंबित कुणी गायला नसेल.

ते निस्तरलं. यमन, भैरव वाजवून पाहिले, मजा आली. मग भूपावर आलो आणि अडलो. धैवत ५/३ ठेवला की 'सा प, रे ध, ग सां' या पलट्यात रे-ध ही जोडी चक्क बेसूर लागते. २७/१६ ठेवला की रे-ध सुरेख, पण ग-ध फाटतं, आणि धैवतावर थांबलं की तंबोरा कुरकुरतो. गेले दोन आठवडे दोन्हींमध्ये ये-जा चालू आहे. जाणकारांनी सांगावं, भूपाचा धैवत कोणता?


वाचनमात्र:

वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न: हा फरक खरंच ऐकू येतो की स्क्रीनवर आकडे दिसतात म्हणून वाटतो?


खर्जवाला:

नुसता एकेक स्वर सुटा वाजवला तर मलाही छातीठोक सांगता येणार नाही. पण खाली तंबोरा चालू असेल तर शेजारच्या काकूंनाही कळतो. त्यांना मी दोन्ही गंधार ऐकवले. पहिल्याला म्हणाल्या, "हा थरथरतोय, आजारी आहे का?"


सेंटचा_हिशोब:

धागाकर्ते, तुमच्या कानाचं काही चुकलेलं नाही, गणितच तसं आहे. सेंटमध्ये मांडतो (सप्तक = १२०० सेंट).

शुद्ध रे ९/८ म्हणजे २०३.९१. ध ५/३ म्हणजे ८८४.३६. दोघांतलं अंतर ६८०.४५. सा-प संवादाला हवेत ७०१.९६. कमी पडले २१.५१. हे २१.५१ म्हणजे ८१/८०, प्रमाण श्रुती. आता ध चढवून २७/१६ करा, ९०५.८७. रे-ध झकास जुळलं, पण ग-ध हवं ४९८.०४, मिळतंय ५१९.५५. पुन्हा तेच साडेएकवीस सेंट, फक्त खड्डा रस्त्याच्या या बाजूचा त्या बाजूला गेला.

तुम्ही म्हणाल, ध ५/३च ठेवू, रे खाली आणू, १०/९वर. मग रे-ध जुळेल. पण तंबोऱ्याची पहिली तार पंचमात आहे. रे-प ९/८ला स्वच्छ असतं, १०/९ला ते फाटतं. पंचम तर हलवता येत नाही, तो दर चार-पाच सेकंदांनी छेडला जातोय. म्हणजे तंबोऱ्याने रिषभ खिळवून ठेवला आहे.

तेव्हा एकच तक्ता सगळ्या जोड्या जुळवून देईल ही आशा सोडा. मागचा स्वर लक्षात ठेवा. मागे रे असेल तर ध २७/१६, नाहीतर ५/३. प्रोग्रामात दोन ओळींचं काम.


अण्णा_सांगलीकर:

यासाठीच तर बावीस श्रुती आहेत! बारा स्वरांचा तक्ता करूनच तुम्ही फसलात. भरतमुनींनी दोन वीणा घेऊन हाच फरक दाखवला: एकीचा पंचम एका प्रमाण श्रुतीने उतरवायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकायच्या. आमच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशाने डेप्युटी कलेक्टर, त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावरून स्वरस्थानं मोजली आणि १९१०ला त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी त्यांच्यासोबत होते. श्रुतींची हार्मोनियमही करवून घेतली. जे त्यांनी भाता आणि सुरपट्ट्यांनी केलं ते तुम्ही जेन ५१मध्ये १२च्या जागी २२ लिहून करू शकता. दोन्ही धैवत तक्त्यातच असतील, मग हवा तो वाजवा.


खर्जवाला:

अण्णा, केलं होतं. सीसाउंड तक्रार करत नाही, २२ गुणोत्तरं निमूट घेतं. पंचाईत माझ्या हाताची होते. सप्तक बावीस पट्ट्यांवर पसरतं, आणि बोटं लहानपणापासून बारावर बसलेली. सा वरून पंचमावर जायला गेलो आणि तिसऱ्याच ठिकाणी पोचलो. शिवाय 'हवा तो वाजवा' म्हणता, पण कोणता हवा हाच तर माझा प्रश्न आहे. बावीस खण असलेलं कपाट मिळालं, साडी कुठल्या खणात ते कपाट सांगत नाही.


सेंटचा_हिशोब:

+१. आणि अण्णा, राग मानू नका, पण त्या श्रुती हार्मोनियमचं पुढे काय झालं तेही सांगा की. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलंच वाजलं, आणि भातखंडे काही त्या मोजमापाच्या बाजूने नव्हते. १९६३ साली नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष वादनाची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात कलाकारागणिक स्वर हलतो, इतकंच काय एकाच कलाकाराचा एकाच रागात हलतो असं निघालं. बावीस ठोकळ खुंट्या काही सापडल्या नाहीत.


अण्णा_सांगलीकर:

राग कसला. पण हलतो म्हणून खुंटीच नाही, हे मला पटत नाही. दावणीला बांधलेली गायही हलते. असो, हा वेगळा धागा होईल.


काळी_चार:

उशिरा येतेय, क्लास चालू होता. मी डोंबिवलीत गाणं शिकवते. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, पण खर्जवाले, तुम्ही एक सांगा. भूपात रे वरून थेट ध वर कोण जातं?

मनात गाऊन बघा. सा रे ग, प ग, ध प ग, रे ग, रे सा. ग प ध सां. खाली जायचं तर रे सा ध़ सा. धैवताला तुम्ही पंचमावरून येता, गंधारावरून येता, नाहीतर वरच्या सां वरून अलगद उतरता. रिषभ आणि धैवत एकमेकांच्या अंगावर येतात कधी? तुमच्या पलट्यात. पलटा म्हणजे राग नव्हे, ती दंडबैठक आहे. दंडबैठकीच्या हिशोबाने घर बांधायला निघालात तर कसं व्हायचं!

भूपाचा धैवत आमच्याकडे शांत लावतात, तंबोऱ्यात मिळवून. देशकाराचा जरा चढा, ठसठशीत, कारण तिथे तोच मालक. तेच पाच स्वर, पण एकाच फूटपट्टीने दोन्ही राग मोजाल तर दोन्ही हातचे जातील.

आणि रागावणार नसाल तर आणखी एक. तुम्ही चढवलेली फाइल ऐकली. सूर खरा आहे, पण प्रत्येक स्वर खिळा ठोकल्यासारखा लागतो. सां वरून ध वर येताना मधली वाट कुठे आहे?


खर्जवाला:

ताई, साष्टांग. दोन आठवडे मी ज्या जोडीवरून डोकं फोडतोय ती रागात जवळजवळ येतच नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पलटा सोडून तुम्ही लिहिलेली ओळ ५/३ने वाजवली. कुठेही कुरकुर नाही.

मींडेचं बोलायचं तर ती आहे, पण बिघडलेली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला मी सरळ रेषेत सरकणारा आकडा वापरला. खाली उतरताना सुरुवातीला सूर रेंगाळल्यासारखा वाटतो आणि शेवटाला घसरून आपटतो. कुणी सांगेल का?


सेंटचा_हिशोब:

हर्ट्झमध्ये सरकवताय ना? तिथेच घोळ. सा ते सां ही मींड घ्या. सरळ रेषेत अर्ध्या वाटेवर तुम्ही असता दीडपटीवर, म्हणजे पंचमावर. कानाला अर्धी वाट वाटते तीव्र मध्यमाच्या आसपास, १२००चा निम्मा ६०० सेंट. चढताना पूर्वार्धात तुम्ही पळता, उतरताना उत्तरार्धात. सीसाउंडमधल्या लिनसेगच्या (सरळ रेषेच्या) जागी एक्स्पसेग लावा. तो बेरजेने जात नाही, गुणाकाराने जातो, म्हणून सेंट सारख्या वेगाने सरकतात. अर्थात गवई सारख्या वेगानेही जात नाही, पण निदान घसरगुंडी थांबेल.

मी स्वतः सुपरकोलायडरवाला (सीसाउंडसारखीच दुसरी भाषा, १९९६, जेम्स मॅकार्टनी). तिथे पट्टीचा क्रमांक अपूर्णांकात देता येतो. ६४च्या जागी ६३.८६३१ लिहा, गंधार १३.६९ सेंट उतरला. मींड क्रमांकातच सरकवायची आणि कंपनसंख्येत रूपांतर अगदी शेवटी करायचं, की हा प्रश्नच उद्भवत नाही.


पोल्डरमधून:

नेदरलँड्समधून हजेरी. अवांतर वाटेल, पण या विषयाची पंढरी आमच्या इथे आहे. तुमच्यापैकी बरेच जण स्वरस्थानांची यादी ठेवणारी स्काला फाइल वापरत असतील, .एससीएल वाली. तो प्रोग्राम मान्युएल ऑप द कूल या डच माणसाचा, आणि त्याच्यासोबतच्या संग्रहात जगभरच्या हजारो स्वरमालिका आहेत. आद्रियान फोकर या भौतिकशास्त्रज्ञाने सप्तकाचे ३१ भाग करणारा ऑर्गन बांधून घेतला, १९५०मध्ये. तो आता ॲमस्टरडॅमच्या मुझिकगेबाउमध्ये आहे, मी ऐकून आलोय. गंधार ३८७.१ सेंटचा, म्हणजे आपल्या ५/४पासून एका सेंटच्याही आत. ऐकताना अंगावर काटा आला. पण पंचम ६९६.८, पाच सेंट उतरलेला. ऑर्गनला चालून जातो, शेजारी तंबोरा ठेवला तर तो दारातूनच हाकलून देईल.

नवख्यांसाठी स्काला फाइलमधली एक खोच, मी स्वतः यात आपटलोय. आकड्यात टिंब असेल तर तो सेंट समजला जातो, नसेल तर गुणोत्तर. मी पंचमासाठी ७०१.९५५च्या ऐवजी शॉर्टकट म्हणून ७०२ लिहिलं. टिंब नाही, म्हणजे साच्या ७०२ पट! खर्जवाल्यांच्या सा वर हे ९७ हजार हर्ट्झ होतात, वटवाघळांची मैफल. ७०२.० लिहायचं. आणि सा फाइलमध्ये लिहायचाच नसतो, तो गृहीत असतो. यादी रे पासून सुरू होते आणि २/१ने संपते.


पेटीवाला:

मला यातलं प्रोग्रामिंग जमणार नाही. लॅपटॉपवर तयार सिंथ आहे, मिडी कीबोर्ड आहे. माझ्यासारख्याला काही मार्ग? हार्मोनियम वाजवतो, त्यामुळे सुरावरून बोलणी खाण्याची सवय आहे (रेडिओने तर १९४०ला पेटीला दारच बंद केलं होतं, १९७१पर्यंत).


पोल्डरमधून:

सर्ज एक्सटी उतरवून घ्या, फुकट आहे. त्यात .एससीएल फाइल थेट टाकता येते. सोबत .केबीएम नावाची दुसरी फाइल लागते, ती कुठली पट्टी सा आणि तिची कंपनसंख्या किती ते सांगते. लोक पहिली टाकतात, दुसरी विसरतात, मग सा पांढरी एकवर राहतो आणि काळी एकवरून वाजवलं की सगळंच बिनसतं.


सेंटचा_हिशोब:

आणि सिंथ जुना असेल, फाइल घेत नसेल, तर पिचबेंड (सूर थोडा वर-खाली सरकवायची मिडी सूचना). मधला आकडा ८१९२, दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वर, म्हणजे एका सेंटला ४०.९६ पायऱ्या. गंधार १३.६९ सेंट उतरवायला ५६१ वजा करा, ७६३१ पाठवा. फक्त पिचबेंड अख्ख्या चॅनेलला लागतो. एकाच वेळी सा आणि ग धरलात तर सा पण उतरेल. म्हणून दर स्वराला वेगळा चॅनेल द्यावा लागतो. २०१८च्या एमपीई पद्धतीत नेमकं हेच करतात, पण तिथे बेंडची मर्यादा बहुतेक वेळा ४८ अर्धस्वरांची असते. वरचा हिशोब तसाच उचललात तर गंधार तब्बल ३२९ सेंट, म्हणजे सव्वातीन अर्धस्वर खाली घसरेल आणि तुम्ही म्हणाल हा कुठला स्वर आला.


तारेवरची_कसरत:

एक राहिलं. खर्जवाले, तंबोरा कसा केलाय? विलंब-रेषेने तार करत असाल (आवाज थोडा वेळ अडवून पुन्हा त्याच्यातच मिसळायचा) तर सगळा तक्ता तिथे पाण्यात जाऊ शकतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलांवर (आवाजाच्या नोंदींवर) काळी एकचा दोन सप्तकं वरचा सा, ५५४.३७, म्हणजे एका कंपनाला ७९.५५ सॅम्पलं. रेषा पूर्ण सॅम्पलांचीच असेल तर ७९ नाहीतर ८०. ७९ला सूर १२ सेंट चढतो, ८०ला जवळपास १० उतरतो. तुम्ही २१ सेंटच्या प्रमाण श्रुतीवरून वाद घालताय आणि तार त्यातली निम्मी आपल्या मनाने खाऊन बसली आहे! तुमच्या मूळ सा ला हे जाणवत नाही, कारण तिथे ३१८ सॅम्पलं असतात, चूक सेंटभर. सीसाउंडमध्ये व्हीडिले३ घ्या, सुपरकोलायडरमध्ये कॉम्बएनच्या जागी कॉम्बसी. ती अपूर्णांक सांभाळतात.


खर्जवाला:

घ्या! तो वरचा सा मला कायम पडल्यासारखा वाटायचा, मी गळ्याला दोष देत होतो. तपासलं, अगदी हेच. व्हीडिले३ टाकलं, सा उभा राहिला.

चार दिवसांचा अहवाल: एक्स्पसेगने मींड सुधारली, सां वरून ध वर आता माणसासारखा उतरतो, निदान सावध माणसासारखा. भूपाचा तक्ता ५/३वर कायम केला. 'मागे रे असेल तर ध चढवा' ही युक्ती फक्त पलट्यांच्या फाइलीत ठेवलीय. आलापात ठेवून पाहिली होती. 'रे सा ध़' मध्ये काही फरक नाही, कारण मागे सा आहे. पण 'ध रे' अशी उडी आली की धैवत आधीच वाजून गेलेला असतो, त्याला पुढचं माहीत नसतं. लिहून ठेवलेल्या ओळीत प्रोग्राम पुढे डोकावू शकतो, कीबोर्डवर बोट पडेपर्यंत काही सुचत नाही. गवयाचं बरं असतं, त्याला आपण कुठे निघालोय ते ठाऊक असतं.

देशकारासाठी वेगळा तक्ता करतोय, धैवत चढा. किती चढा ते काळी_चार ताई ऐकून सांगतील अशी आशा.


काळी_चार:

ऐकते की. पण माझ्या पट्टीत द्या, काळी एकला माझा आवाज बसत नाही.


खर्जवाला:

दोन्ही फाइली चढवल्या. ताई आणि काळी चारवाले सगळे: जेन ५१च्या ओळीत १३८.५९ च्या जागी २०७.६५ आणि ४९ च्या जागी ५६ लिहा. बाकी कशाला हात लावू नका. उणे खुणेला तर नाहीच.